पपईचा चीक 'नॅचरल' आहे म्हणे

कच्च्या पपईचा चीक चेहऱ्यावर लावा, डाग जातात, शंभर टक्के नॅचरल, नो केमिकल, नो साइड इफेक्ट, असा एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. आणि मी एकेकाळी लॅबमध्ये पपेन (याच चिकातलं प्रोटीन कापणारं एन्झाइम) वापरायचे हे ओळखीतल्या सगळ्यांना माहिती असल्यामुळे तो फिरत फिरत माझ्याकडे येतोच, खाली "खरंय का गं हे?" असं लिहून. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगते.

पूर्ण वाढलेली पण अजिबात न पिकलेली हिरवी पपई घ्या आणि तिच्या सालीवर हलकासा ओरखडा काढा. खोल जायची गरजच नाही, मिलिमीटर दोन मिलिमीटर पुरतं, कारण चिकाच्या नळ्यांचं जाळं सालीखाली लगेच असतं आणि आत दाब असतो. ओरखड्याच्या रेषेवर पांढरे थेंब टरारून येतात, एकमेकांत मिसळतात, ओघळायला लागतात, आणि बघता बघता ओघळ मध्येच थांबतो. काही मिनिटांत तो घट्ट होतो, बोटाला लागला तर चिकट, मग रबरासारखा ओढला जाणारा. असा चीक उघड्या हातावर बराच वेळ राहिला की आधी खाज येते, मग कातडी लालसर आणि चरचरीत होते. ते काही तुमची स्किन नाजूक असल्यामुळे होत नाही. चिकात प्रोटीन कापणारी एन्झाइम्स असतात आणि तुमची कातडी प्रोटीनची बनलेली आहे, एवढं साधं आहे ते.

त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध एन्झाइम म्हणजे पपेन. हे नाव 1879 मध्ये फ्रान्समध्ये वुर्ट्झ आणि बुशू यांनी दिलं. पण चिकात ते एकटं नसतं हं, कायमोपपेन आहे, कॅरिकेन आहे, अजून एक ग्लायसिल एंडोपेप्टिडेज म्हणून आहे, सगळी एकाच घराण्यातली. बाजारात 'पपेन' म्हणून जी पिवळट पांढरी पावडर मिळते ती बहुतेक वेळा या सगळ्यांची खिचडी असते, शुद्ध करून घेतलेली असेल तरच एकटं पपेन. आणि पिकत गेली तशी पपईतला चीक कमी होत जातो, त्यामुळे पिकलेल्या पपईचा गर तोंडाला लावणाऱ्यांना घाबरायचं फारसं कारण नाही पण त्यात 'एन्झाइमची पॉवर' शोधायलाही फारसा अर्थ नाही.

आता झाड हे बनवतं कशाला? आपल्या पचनासाठी नाही आणि आपल्या डागांसाठी तर नाहीच नाही. 2004 मध्ये जपानमधल्या कोतारो कोन्नो आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला, मला तो फार आवडतो कारण प्रयोग एकदम सरळ आहे. एरी रेशमाच्या अळ्यांना पपईची पानं खायला दिली, अळ्या वाढेनात, मरायला लागल्या. मग तीच पानं बारीक चिरून, धुऊन, चीक काढून दिली तर अळ्या मजेत वाढल्या. पण इथे कोणी म्हणेल की धुण्यात बाकीचंही काही विष निघून गेलं असेल. म्हणून त्यांनी चीक तसाच ठेवला आणि पानावर ई-64 नावाचं रसायन लावलं, जे या जातीच्या एन्झाइमांनाच बंद पाडतं. तरी अळ्या वाढल्या! म्हणजे मारणारं होतं ते पपेन आणि त्याची भावंडं. तर तुमचं ते नॅचरल हे असं आहे, अळीने पान कुरतडलं की तिला आतून संपवायची सोय.

मग झाड स्वतःलाच का कापत नाही हा प्रश्न येतो, आणि मला विचाराल तर पपेनची सगळी गंमत यातच आहे. कात्री सगळ्यांकडे असते, ती कधी उघडायची आणि कधी मिटलेली ठेवायची हे महत्त्वाचं. झाड पपेन बनवतं ते अर्धवट रूपात, 345 अमिनो आम्लांची (प्रोटीन ज्या मण्यांचं बनतं ते मणी) साखळी असते आणि तिचा पुढचा एक तुकडा बरोबर कापायच्या जागेवर आडवा पडून असतो. चीक बाहेर आला की तो तुकडा काही मिनिटांत गळून पडतो आणि 212 अमिनो आम्लांचं तयार पपेन उरतं. नळीत असेपर्यंत मिटलेलं, जखम झाली की उघडलं.

तयार पपेनचा आकार आपल्याला 1968 पासून माहितीये, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला यान ड्रेंट यांच्या गटाने क्ष-किरणांनी त्याची रचना काढली, तेव्हा अशा रचना माहीत असलेली एन्झाइम्स हातावर मोजण्याइतकीच होती. दोन भाग, मध्ये एक खाच. खाचेच्या एका काठावर 25व्या नंबरचं सिस्टीन, समोर 159व्या नंबरचं हिस्टिडीन, दोन्ही अमिनो आम्लंच. त्या सिस्टीनवर गंधकाचा एकच अणू असतो आणि सगळं काम तो करतो. प्रोटीनची साखळी खाचेत येऊन पडली की हा गंधक तिच्या जोडावर हल्ला करतो, अर्धी साखळी सुटून जाते, उरलेली अर्धी काही क्षण गंधकाला चिकटून राहते, मग पाण्याचा रेणू येऊन तिलाही सोडवतो आणि गंधक पुढच्या गिऱ्हाइकाला मोकळा. पपेनमध्ये एकूण सात सिस्टीन आहेत, त्यातली सहा आपापसात जोड्या लावून बसलेली, हे एकटंच मोकळं.

आणि ते मोकळं असल्यामुळेच नाजूकही. हवेतल्या ऑक्सिजनने तो गंधक दुसऱ्या कशाशी तरी जोडला गेला की एन्झाइम झोपलं. लॅबमध्ये नवीन आलेल्या पोरांचं हे हमखास व्हायचं, बाटलीतून पावडर काढली, बफरमध्ये विरघळवली, नमुन्यात घातली आणि मग "मॅडम, पपेन खराब आहे" करत यायची. खराब नसतं ते, उठवावं लागतं. थोडं सिस्टीन घालायचं (विरघळवताना कुजक्या अंड्यासारखा हलका वास येतो, त्याची सवय होते) आणि ईडीटीए घालायचं म्हणजे गंधकाला येऊन चिकटणारे जड धातू बाजूला होतात. थोड्या वेळाने तेच पपेन असं काम करतं की थांबवायची पंचाईत. थांबवायला आयोडोअसिटामाइड, ते गंधकाला कायमचं जायबंदी करतं. पारा लावला तर तात्पुरतं बंद होतं, पारा काढला की परत चालू.

आता थोडं कौतुक, कारण मी पपेनच्या विरोधात आहे असा समज नको. अँटिबॉडी इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते हे आता शाळेच्या पुस्तकात असतं, पण त्या चित्रापर्यंत पोचायला पपेनची फार मोठी मदत झालीये. लंडनच्या मिल हिलमधल्या संस्थेत रॉडनी पोर्टर यांनी सशाच्या अँटिबॉडीवर शुद्ध, स्फटिक रूपातलं पपेन घातलं, सिस्टीनसकट, आणि रात्रभर 37 अंशांवर ठेवलं. एरवी पपेन प्रोटीनचा भुगा करतं, इथे मात्र साधारण सारख्या वजनाचे तीनच तुकडे मिळाले. दोन तुकडे अजूनही अँटिजेनला, म्हणजे अँटिबॉडी ज्याला चिकटते त्या पदार्थाला, पकडू शकत होते. तिसरा पकडत नव्हता पण थंडीत त्याचे सुंदर स्फटिक व्हायचे, म्हणजे तो तुकडा सगळ्या अँटिबॉडींमध्ये जवळपास सारखाच असणार. हे 1958-59चं काम. असं का झालं तर अँटिबॉडीचे तिन्ही भाग घट्ट घडी घातलेले असतात आणि मधला सांधा तेवढा सैल, कात्रीला शिरायला जागा तिथेच. पोर्टर यांना 1972 मध्ये नोबेल मिळालं, जेराल्ड एडेलमन यांच्याबरोबर विभागून.

मी स्वतः हे पहिल्यांदा केलं तेव्हा जेलवर (त्यात प्रोटीनं वजनाप्रमाणे वेगळी होतात, जड वर, हलकी खाली) पट्ट्या बघून वेडी झाले होते. सुरुवातीच्या नमुन्यात वर दीड लाख डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक) वजनाच्या आसपास एक जाड पट्टी, आणि जसजसा वेळ जातो तसतशी ती फिकी होत जाते आणि खाली पन्नास हजाराच्या जवळ नवीन पट्टी गडद होत येते. जास्त वेळ ठेवलं की त्याही पट्टीच्या खाली धुरकट शेपूट दिसायला लागतं, म्हणजे सांधा संपला आणि आता बाकीचंही कुरतडणं सुरू झालंय. पपेन स्वतःहून कधीच 'बास' म्हणत नाही.

हीच पद्धत औषधं बनवायलाही वापरतात. डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधाची विषबाधा झाली तर जो उतारा देतात, तो मेंढीच्या अँटिबॉडीचे पपेनने कापलेले तुकडे असतात. म्हणून त्याच्या माहितीपत्रकात पपई किंवा पपेनची ॲलर्जी असलेल्यांसाठी इशारा असतो. हृदयाच्या औषधाच्या उताऱ्यावर पपईचा उल्लेख बघून पहिल्यांदा कोणालाही छापायची चूक वाटेल!

बाकी उपयोग भरपूर आहेत, भराभर सांगते. बिअर थंड केली की गढूळ होते ते प्रोटीनमुळे, ते टाळायला पपेन घालायचं पेटंट लिओ वॉलरस्टाइन यांनी 1911 मध्ये घेतलं. सॉफ्ट काँटॅक्ट लेन्सवर अश्रूंमधली प्रोटीनं साचतात, ती काढायच्या गोळ्यांमध्ये पपेन असायचं. रक्तपेढीत तांबड्या पेशींवर पपेन फिरवलं की आरएच गटाच्या अँटिबॉडी जास्त स्पष्ट पकडता येतात, उलट डफी नावाच्या दुसऱ्या एका रक्तगटाच्या खुणा मात्र साफ उडून जातात, त्यामुळे तिथे ते वापरून चालत नाही.

मांस मऊ करायला कच्ची पपई किंवा पपेनची पावडर लावतात हे सगळ्यांना माहितीये, पण त्यातलं खरं काम कधी होतं हे फार थोड्यांना माहिती असतं. लोकांना वाटतं की फ्रिजमध्ये रात्रभर मुरवलं की मऊ होतं. फ्रिजमध्ये पपेन जेमतेम चालतं. ते जोरात चालतं 60 ते 70 अंशांच्या आसपास, बहुतेक एन्झाइम्स ज्या तापमानाला मान टाकतात तिथे हे फुल फॉर्ममध्ये असतं, म्हणजे काम होतं ते मांस शिजताना तापत जातं त्या टप्प्यात, आणि पुढे तापमान अजून चढलं की पपेनही मोडतं. शिवाय वरून लावलेलं आत फारसं शिरतच नाही, काही मिलिमीटर फार तर. त्यामुळे जास्त लावून जास्त वेळ ठेवणाऱ्यांच्या वाट्याला वरून पिठूळ लगदा आणि आतून तसंच चिवट असा प्रकार येतो. यावर उपाय म्हणून एकेकाळी अमेरिकेत कत्तलीच्या थोडं आधी जनावराच्या शिरेत पपेन टोचायचे, मुद्दाम ऑक्सिडाइज केलेलं म्हणजे झोपवलेलं, रक्ताबरोबर ते सगळीकडे पसरायचं आणि मेल्यावर ऑक्सिजन संपला की स्नायूंमध्येच जागं व्हायचं. केमिस्ट्री म्हणून हुशार आहे, पण वाचून पोटात कसंतरी होतं.

जेलीचं पण तेच. जिलेटिन हे प्रोटीन, त्यामुळे ताजी पपई घातली की ते सेट होत नाही, पाणीच राहतं. अननसात ब्रोमेलेन आणि किवीत ॲक्टिनिडिन असतं, तेही पपेनचे नातेवाईकच, म्हणून तीच तऱ्हा. फळ आधी उकळून घ्या किंवा अगर-अगर वापरा, ते प्रोटीन नाहीच, पपेनने कितीही दात लावले तरी त्याला काही फरक पडत नाही.

आता 'नो साइड इफेक्ट'कडे येऊ. माझी आवडती गोष्ट सशांच्या कानांची. लुईस थॉमस नावाचे डॉक्टर वेगळ्याच कामासाठी सशांच्या शिरेत पपेन टोचत होते आणि एका दिवसाच्या आत सशांचे ताठ कान ओल्या फडक्यासारखे खाली पडायचे. ससे बाकी ठणठणीत, खातायत, उड्या मारतायत, फक्त कान लोंबतायत, आणि काही दिवसांत कान परत उभे! थॉमस यांना हे बरीच वर्षं आधी दिसलं होतं, पण कानाच्या कापात तेव्हा काही वेगळं दिसलं नाही म्हणून त्यांनी सोडून दिलं. पुढे विद्यार्थ्यांना दाखवायचं म्हणून पुन्हा केलं, या वेळी साध्या सशाच्या कानाचा काप शेजारी ठेवून बघितला, आणि मग लक्षात आलं की कूर्चेच्या (कानाला ताठ ठेवणाऱ्या मऊ हाडाच्या) पेशी जागेवर आहेत पण त्यांच्या मधला भराव गायब झालाय. 1956 मध्ये पेपर आला. गंमत म्हणजे आरन केल्नर नावाच्या अजून एका संशोधकालाही हेच कान दिसले होते आणि त्यांनी ते सोडून दिले, यावर नंतर दोन समाजशास्त्रज्ञांनी अख्खा लेख लिहिलाय, एकाच योगायोगातून एकाला शोध का लागतो आणि दुसऱ्याला का नाही म्हणून.

पण त्या कानांतून पुढे जे झालं ते जास्त मोठं आहे. लायमन स्मिथ यांनी विचार केला की कूर्चेतला भराव जातो तर मणक्यांमधल्या चकतीतलाही जाईल, आणि 1960च्या दशकात त्यांनी कायमोपपेन थेट चकतीत टोचायला सुरुवात केली. बाहेर आलेली चकती आकसते, नसेवरचा दाब जातो, ऑपरेशन टळतं. उपाय चालत होता, खोटं नाही बोलणार, आणि अमेरिकेत 1982 मध्ये त्याला मान्यताही मिळाली. पण काही जणांना त्याची भयंकर ॲलर्जी आली, ॲनाफिलॅक्सिसपर्यंत, म्हणजे जिवावर बेतणारी, आणि सुई चुकून मज्जारज्जूच्या आवरणात गेली तर वेगळंच संकट. 2003 मध्ये अमेरिकेत त्याची विक्री बंद झाली.

जखमेवरच्या मलमांचंही असंच. जखमेतली मेलेली कातडी काढायला पपेन आणि युरियाची मलमं वर्षानुवर्षं वापरात होती, युरिया प्रोटीनची घडी उलगडतो आणि पपेन कापतं, जोडी चांगली होती. पण तीव्र ॲलर्जी, रक्तदाब कोसळणं अशा तक्रारी साठत गेल्या आणि सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) मान्यता नसलेली पपेनची मलमं बाजारातून काढायला सांगितली. घास अन्ननलिकेत अडकला तर पपेनचं पाणी पाजून तो विरघळवायचा असाही एक उपाय डॉक्टर मंडळी करायची, आता करू नका म्हणतात, कारण काही पेशंट्सची अन्ननलिकाच फाटली. घास पण मांस आणि अन्ननलिका पण मांस, पपेनला काय कळणार.

चेहऱ्याचं म्हणाल तर 2015 मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी कातडीच्या पेशींवर पपेन घालून बघितलं, पेशी एकमेकींना जिथे घट्ट जोडलेल्या असतात ते जोडच त्याने तोडले, आणि उंदरांच्या कातडीवर लावलं तर उंदरांना त्याचीच ॲलर्जी तयार झाली. पेशींच्या आणि उंदरांच्या प्रयोगांवरून थेट माणसाच्या गालावर उडी मारायची नसते, हे मान्य. पण कच्चा चीक, किती तीव्र आहे ते माहिती नाही, किती वेळ ठेवायचा ते माहिती नाही, आणि तो डोळ्यांच्या इतक्या जवळ? मी तरी लावणार नाही, आणि ज्यांना रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी आहे त्यांनी तर विचारही करू नये, कारण रबराची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना पपईही झेपत नाही.

पचनाच्या गोळ्यांबद्दल फार काही लिहीत नाही. पोटातलं आम्ल फार तीव्र असलं की, पीएच साधारण 2.8च्या खाली, पपेन कायमचं बिघडतं. जेवणानंतर आम्ल थोडं सौम्य होतं तेव्हा ते काही काम करतही असेल, पण पेप्सिन आणि ट्रिप्सिन ही प्रोटीन पचवणारी एन्झाइम्स शरीर स्वतःच बनवतं आणि धडधाकट माणसाला ती पुरेशी असतात.

राहता राहिलं आपल्याच शरीरातलं पपेन! म्हणजे पपेनचे चुलत भाऊ, त्यांना कॅथेप्सिन म्हणतात, पेशीच्या आतल्या पिशव्यांमध्ये राहून टाकाऊ प्रोटीन कापतात. कॅथेप्सिन के तर हाडं झिजवणाऱ्या पेशींचं मुख्य हत्यार. म्हणून शरीराकडे ती बंद करायची प्रोटीनंही असतात, सिस्टॅटिन नावाची, अगदी कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातही असतं आणि ते पपेनच्या खाचेत जाऊन बसतं. मलेरियाचा परजीवी आपलं हिमोग्लोबिन खातो तो फॅल्सिपेनच्या जोरावर, तेही याच घराण्यातलं. कोरोनाच्या विषाणूतही एक 'पपेनसारखं प्रोटिएज' आहे, विषाणूची लांबलचक प्रोटीन साखळी कापायला, आणि औषध शोधणारे त्याच्या मागे लागलेत.

घरातल्या धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असते ना, गादी-उशी झटकली की शिंका येतात ती? त्या किड्यांच्या विष्ठेतलं मुख्य ॲलर्जन, डर पी 1, हे पण पपेनच्याच घराण्यातलं प्रोटीन कापणारं एन्झाइम आहे. उंदरांना दम्यासारखा त्रास मुद्दाम द्यायचा असतो तेव्हा संशोधक त्यांच्या नाकात पपेनच घालतात. आणि पपेनची पावडर बनवणाऱ्या, भरणाऱ्या कामगारांना त्या धुळीने दमा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणूनच लॅबमधल्या बाटलीवर श्वासातून गेल्यास ॲलर्जी किंवा दमा होऊ शकतो असा इशारा छापलेला असतो. मी ती पावडर कधीच उघड्या टेबलावर वजन केली नाही, कायम हुडमध्ये (धूळ-वाफा ओढून घेणाऱ्या बंद कपाटात) आणि मास्क लावून.